चिठ्ठीवरचे २.२ : नव्याने घेतलेल्या चार फायर सॅलमँडरांची ओळख आणि लिंगनिश्चिती

जर्मनीतील बॉन शहराजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने सप्टेंबर २०२२च्या अखेरीस सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या एका बाजारातून चार फायर सॅलमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे शेपटीचे उभयचर, विकत आणले. घरातली मुलगी तिसरीत शिकते. शाळेच्या सहलीत तिने जंगलातल्या ओढ्याकाठी हा काळा-पिवळा प्राणी पाहिला होता आणि तेव्हापासून धरलेल्या हट्टाचा शेवट या खरेदीत झाला. छिद्रे पाडलेल्या चार प्लॅस्टिकच्या डब्यांतून प्राणी घरी आले. सोबत विक्रेत्याच्या हस्ताक्षरातली एकच चिठ्ठी होती आणि तिच्यावर ‘फॉयरझालामांडर, टेरेस्ट्रिस, २.२, एनझेड’ एवढेच लिहिलेले होते. जन्मवर्ष नव्हते, विक्रेत्याचे नाव नव्हते आणि कोणत्या डब्यात कोण आहे याचाही उल्लेख नव्हता. चिठ्ठीच्या पाठीमागे एक दूरध्वनी क्रमांक मात्र होता, आणि पुढे तो उपयोगी पडला.

शौकिनांच्या व्यवहारात २.२ हा दशांश अपूर्णांक नसतो. पहिल्या जागी नरांची संख्या, दुसऱ्या जागी माद्यांची आणि लिंग अजून ठरलेले नसेल तर अशा प्राण्यांची संख्या तिसऱ्या जागी लिहितात. म्हणजे १.० हा एक नर, ०.१ ही एक मादी आणि ०.०.३ ही अद्याप न कळलेली तीन पिल्ले. ‘फॉयरझालामांडर’ हे फायर सॅलमँडरचे जर्मन नाव, ‘टेरेस्ट्रिस’ हे त्याच्या एका उपप्रजातीचे, आणि ‘एनझेड’ ही ‘नाखत्सुख्ट’ या जर्मन शब्दाची खूण आहे. प्राणी बंदिस्त जागेत जन्मलेला आहे, रानातून पकडलेला नाही, असा तिचा अर्थ होतो. मी गेली चौदा वर्षे सॅलमँडर पाळते आहे हे या कुटुंबाला इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत कळले होते, त्यामुळे त्याच संध्याकाळी मला फोन आला.

“ताई, दोन नर आणि दोन माद्या आहेत हे तर लिहूनच दिलंय. कोण कोण आहे तेवढं तुम्ही सांगा,” असे मुलीचे वडील म्हणाले. या प्रकरणातली बहुतेक गुंतागुंत या एका वाक्यात होती आणि ती माझ्या लक्षात यायला सात महिने लागले.

पहिला दिवस

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक खुलासा आधी करावा लागेल. सह्याद्रीत बेडूक विपुल आहेत, पाय नसलेले देवगांडूळही आहेत, पण शेपूट असलेला उभयचर तिथे नाही. भारतात सॅलमँडर पाहायचा तर दार्जिलिंग-सिक्कीमच्या बाजूला जावे लागते. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाची पहिली प्रतिक्रिया ‘पाल’ हीच असते. या मुलीच्या सांगलीच्या आजीनेही व्हिडिओ कॉलवर ‘पाल कशाला पाळली’ असेच विचारले होते. पालीच्या अंगावर खवले आणि बोटांना नखे असतात. सॅलमँडरची कातडी ओलसर आणि उघडी असते, बोटे मऊ व नखांविना असतात, आणि या कातडीतून तो पाणी आणि हवा दोन्ही घेतो. हाताळणीचे सगळे नियम या कातडीपासून सुरू होतात.

फायर सॅलमँडरच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींतून आणि पाठीवरच्या छिद्रांतून विष स्रवते. त्यातला समँडरिन हा अल्कलॉइड स्नायूंना आचके आणतो आणि रक्तदाब वाढवतो. हातावर लागल्याने प्रौढ माणसाला सहसा काही होत नाही, पण तोच हात डोळ्याला किंवा तोंडाला लागला तर जळजळ होते, आणि घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. म्हणून पहिली सूचना प्राण्यांना हात न लावण्याची होती. दुसरी सूचना चौघांना एकाच काचेच्या पेटीत न सोडण्याची होती, आणि ती ऐकून मुलगी बरीच हिरमुसली, कारण शेवाळ, साली आणि दगड लावून पेटी तयार झालेली होती.

वेगळे ठेवण्यामागचे कारण एक बुरशी होती. तिचे पूर्ण नाव बॅट्रॅकोकायट्रियम सॅलमँड्रिव्होरान्स असे असून शौकीन तिला ‘बीसॅल’ म्हणतात. नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला बुंडरबोस नावाचे जंगल आहे. तिथले फायर सॅलमँडर अल्पावधीत जवळजवळ नाहीसे झाल्यावर शोध सुरू झाला आणि २०१३ साली या बुरशीचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. ती मूळची आशियातली असून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात आली असावी, असे अभ्यासक मानतात. त्यानंतर ती बेल्जियममध्ये आणि जर्मनीच्या आयफेल डोंगरभागात आढळली, आणि आयफेल बॉनपासून फार दूर नाही. बुरशी कातडी पोखरते आणि लागण झालेला फायर सॅलमँडर बहुधा काही आठवड्यांतच मरतो, पण सुरुवातीच्या दिवसांत तो अगदी धडधाकट दिसतो. युरोपीय संघाने २०१८ साली व्यापारातल्या सॅलमँडरांसाठी विलगीकरण आणि तपासणीचे नियम केले, ते याच कारणाने. खासगी बाजारात हातोहात झालेल्या व्यवहारात कोणी तपासणी केली असेल असे गृहीत धरण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा चार वेगळे डबे, प्रत्येकात ओला किचन पेपर, लपायला सालीचा एक तुकडा, दोन सेंटिमीटर पाण्याची उथळ वाटी आणि प्रत्येक डब्यासाठी स्वतंत्र चिमटा अशी व्यवस्था केली. डबे तळघरात ठेवले, कारण तिथे बारा ते पंधरा अंश तापमान राहते. बैठकीच्या खोलीतले बावीस-तेवीस अंश आपल्याला सुखाचे वाटतात, या प्राण्याला ते कष्टाचे असतात. दर वेळी नवे हातमोजे घालून मी चौघांच्या पोटावरून आणि पावलांवरून स्वॅब घेतले आणि प्रयोगशाळेत पाठवले. दोन आठवड्यांनी चारही अहवाल निर्दोष आले. तरीही सहा आठवड्यांचे विलगीकरण पुरे केले, आणि पुढे काही कारणांनी ते लांबत गेले. लांबले ते बरेच झाले.

हे फायर सॅलमँडरच आहेत का

प्राणी न हाताळता पाहायची माझी पद्धत साधी आहे. पारदर्शक, सपाट तळाचा डबा आतून पाण्याने ओलसर करायचा आणि आलेख कागदावर ठेवायचा. प्राणी आत सोडल्यावर वरून एक छायाचित्र घ्यायचे. त्यात पाठीवरची नक्षी मिळते आणि लांबीही मोजता येते. मग डबा उचलून खालून दुसरे छायाचित्र घ्यायचे. त्यात पोट आणि शेपटीचे मूळ स्वच्छ दिसते. प्राण्याला उलटे करून धरण्यापेक्षा यात त्याला त्रास कमी होतो आणि छायाचित्र नंतर शांतपणे, पुन्हा पुन्हा पाहता येते. या प्रकरणात हे ‘पुन्हा पाहणे’ फार महत्त्वाचे ठरले.

काळ्यावर पिवळे म्हणजे फायर सॅलमँडर, हा समज बाजारात कमी नसतो. उत्तर अमेरिकेतल्या टायगर सॅलमँडरच्याही अंगावर पिवळे डाग असतात, पण त्याचे डोके रुंद व चपटे, डोळे बारीक, आणि डोळ्यांमागे ठसठशीत ग्रंथी नसतात. तिकडच्याच ठिपकेदार सॅलमँडरच्या पाठीवर गोल पिवळ्या ठिपक्यांच्या दोन रांगा असतात. फायर सॅलमँडरचे डोळे मोठे, काळेभोर आणि बाहेर आलेले असतात. त्यांच्यामागे दोन लांबट, फुगीर ग्रंथी असतात; त्या बहुधा पिवळ्या असून त्यांच्यावर काळी छिद्रे उठून दिसतात. पाठीच्या मध्यावर छिद्रांच्या ओळी असतात आणि शेपूट न्यूटसारखी (न्यूट हा सॅलमँडरचा पाण्यात वावरणारा नातलग) दोन्ही बाजूंनी चपटी नसून गोलसर असते. या कसोट्यांवर चौघेही फायर सॅलमँडर ठरले, आणि यात शंकेला जागा नव्हती.

उपप्रजातीचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. लिनिअसने १७५८ साली ज्याला शास्त्रीय नाव दिले तो हा प्राणी पोर्तुगालपासून ग्रीसपर्यंत पसरलेला आहे आणि त्याची रूपे इतकी निरनिराळी आहेत की स्पेनच्या ग्रेडोस डोंगरातला प्राणी जवळजवळ पूर्ण काळा, तर इटलीच्या द्वीपकल्पातला बराचसा पिवळा दिसतो. मध्य आणि आग्नेय युरोपातल्या मूळ रूपाच्या अंगावर विस्कळीत डाग असतात. पश्चिम जर्मनी, बेल्जियम आणि फ्रान्समधल्या टेरेस्ट्रिसच्या पाठीवर दोन पिवळे पट्टे असतात, अखंड किंवा जागोजागी तुटलेले. स्पेनच्या उत्तर किनाऱ्याकडे बर्नार्डेझी आणि फास्टुओसा ही रूपेही पट्टेवालीच आहेत. म्हणजे पट्टे दिसले म्हणून टेरेस्ट्रिस, असा निष्कर्ष काढता येत नाही. रानात सापडलेल्या प्राण्याची उपप्रजाती त्याच्या गावावरून ठरते. बाजारात विकत घेतलेल्या प्राण्याला गाव नसते, असतो तो फक्त कागद, आणि कागद गप्प असेल तर रंगावरून बोलू नये असे माझे मत आहे.

चौघांना मी क, ख, ग, घ अशी अक्षरे दिली. क, ख आणि ग यांच्या पाठीवर तुटक, जाड, समांतर पट्टे होते आणि तिघांची ठेवण एकाच घराण्यातली वाटत होती. घ केवळ साडेअकरा सेंटिमीटरचा होता. त्याचे पट्टे अखंड, अरुंद आणि शेपटीपर्यंत गेलेले, तर मुस्कट आखूड व गोलसर होते. तो टेरेस्ट्रिसचे पिल्लू होता, की बर्नार्डेझी, की दोन रूपांच्या संकरातून झालेला, हे मला सांगता येईना. लहान प्राण्याची नक्षी रूपांतरणानंतरच्या, म्हणजे कल्ले टाकून जमिनीवर आल्यानंतरच्या, काळात बदलत राहते, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवणे आणखी धोक्याचे होते.

चिठ्ठीमागच्या क्रमांकावर वडिलांनी तीनदा फोन केल्यावर विक्रेत्याने नाव-पत्त्यासह रीतसर पत्र पाठवले. फायर सॅलमँडर जर्मनीत विशेष संरक्षित आहे. तो रानातून उचलता येत नाही आणि बंदिस्त जन्माचा पुरावा बाळगणे मालकाच्याच हिताचे असते, म्हणून या पत्राचा आग्रह धरला होता. पत्रात लिहिले होते की तीन प्राणी त्याच्याकडे २०१८ साली जन्मले, चौथा दुसऱ्या एका शौकिनाकडून अदलाबदलीत आला आणि त्याचे मूळ त्याला ठाऊक नाही. थोडक्यात, घ हा चारची संख्या पुरी करण्यासाठी आलेला प्राणी होता. नर-मादीबद्दल पत्रात अवाक्षर नव्हते, आणि आम्हीही ते विचारले नाही, कारण ते तर चिठ्ठीत होतेच.

लिंगनिश्चिती आणि तिच्यातली चूक

फायर सॅलमँडरमध्ये नर-मादीचा रंग सारखाच असतो, नक्षीवरून काहीही कळत नाही. मादी सरासरीने थोडी मोठी आणि भरलेली असते, नराचे पाय व शेपूट शरीराच्या मानाने किंचित लांब असतात, पण हे फरक दोन्ही लिंगांचे अनेक प्राणी शेजारी ठेवून पाहिले तरच जाणवतात. भरवशाची खूण एकच आहे. शेपटीच्या मुळाशी, पोटाच्या बाजूला जी उभी फट असते, जिला पाठ्यपुस्तकांत अवस्कर म्हणतात, तिच्या दोन्ही कडांना प्रौढ नरात जोडीने फुगवटा येतो. मादीत तो भाग सपाट असतो. युरोपच्या या भागात मीलनाचा काळ वसंतापासून शरदापर्यंत चालतो आणि नराचा फुगवटा त्या काळात सर्वांत ठळक असतो. थंडीत तो ओसरतो. तीन-चार वर्षांखालच्या पिल्लात काहीच दिसत नाही, आणि दिसत नाही याचा अर्थ मादी असा होत नाही.

सप्टेंबरचा शेवट हा पाहण्यासाठी योग्य काळ होता. क ची लांबी सतरा सेंटिमीटर, वजन चोवीस ग्रॅम, आणि शेपटीच्या मुळाशी दोन डाळिंबाचे दाणे शेजारी ठेवावेत तसा स्पष्ट जोडफुगवटा. हा नर होता. ख एकोणीस सेंटिमीटरची, एकेचाळीस ग्रॅमची, गुबगुबीत, आणि अवस्कराचा भाग पूर्ण सपाट. ही मादी होती. तिच्या आकारमानामुळे मुलीने ती गाभण असल्याचे जाहीर केले आणि मीही मनातून तसेच धरले. (ती गाभण नव्हती, अतिखाऊ होती. विक्रेत्याकडे तिला बहुधा भरपूर चरबीच्या अळ्या मिळत असाव्यात. आठवड्याला दोन गांडुळे एवढ्यावर आणल्यानंतर वसंतापर्यंत तिचे वजन चौतीस ग्रॅमवर उतरले.)

ग वर माझी नोंदवही अडखळते. लांबी साडेसोळा सेंटिमीटर, वजन बावीस ग्रॅम, अंग सडपातळ, शेपूट लांब. खालून घेतलेल्या छायाचित्रात अवस्कराच्या जागी किंचित उंचवटा दिसत होता, क सारखा नाही, पण ख सारखा सपाटही नाही. मी लिहिले : ‘बहुधा नर, कमी वयाचा.’ आणि घ पुढे लिहिले : ‘पिल्लू, विक्रेत्याच्या मते मादी.’

आज ही पाने वाचताना मला माझी चूक अगदी स्वच्छ दिसते. विक्रेत्याने घ ला मादी म्हटले असल्याचा पुरावा कुठेच नाही. ते मी ठरवले, कारण चिठ्ठीवर २.२ होते, ख मादी होती, क नर होता, आणि राहिलेल्या दोघांत एक नर व एक मादी बसवल्याशिवाय हिशेब जुळत नव्हता. घ लहान आणि गोलसर, म्हणून त्याला मादीच्या रकान्यात टाकले. मग ग ला नर होण्यावाचून गत्यंतर उरले नाही. उंचवट्याकडे माझे डोळे गेले ते हा हिशेब झाल्यावर. आधी निरीक्षण आणि मग अनुमान असा क्रम मी स्वतः दहा जणांना शिकवला आहे, आणि इथे मी चिठ्ठीची बेरीज प्राण्याच्या पोटावर वाचत बसले होते.

ऑक्टोबर ते मार्च या काळात विशेष काही घडले नाही. मुलीच्या परीक्षा, वडिलांची नोकरीनिमित्तची फिरती आणि पेटीत शिरलेली बुरशीची पांढरी जाळी (ही साधी, लाकडावरची) या कारणांनी प्राणी वेगवेगळ्या डब्यांतच राहिले. तळघराचे तापमान जानेवारीत आठ अंशांपर्यंत उतरले, खाणे मंदावले. मी महिन्यातून एकदा वजने घेत होते. ग चे वजन फेब्रुवारीत सत्तावीस ग्रॅम भरले. खाणे मंदावलेल्या थंडीत वजन पाच ग्रॅमने का वाढावे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी नोंदीत ‘प्रकृती उत्तम’ असे लिहिले.

एप्रिलमधली सकाळ

१६ एप्रिल २०२३ रोजी, रविवारी सकाळी सव्वासातला फोन आला. मुलीच्या आवाजात घाबरणे आणि आनंद यांचे मिश्रण होते. “मावशी, ग च्या वाटीत मासे झालेत!”

वाटीत चौदा डिंभ, म्हणजे अजून पाण्यात राहणारी पिल्ले, होते. प्रत्येक सुमारे तीन सेंटिमीटर लांब, चार पाय फुटलेले, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे बाहेरचे कल्ले, आणि प्रत्येक पायाच्या मुळाशी तो फिकट पिवळा ठिपका, ज्यावरून फायर सॅलमँडरचा डिंभ न्यूटच्या डिंभापासून वेगळा ओळखता येतो. या प्राण्याची मादी अंडी घालत नाही; पिल्ले तिच्या पोटात वाढतात आणि बहुतेक प्रदेशांत ती त्यांना थेट पाण्यात सोडते. बर्नार्डेझीची मादी तर त्याही पुढे जाऊन पूर्ण रूपांतर झालेली पिल्ले जमिनीवर जन्माला घालते. ग च्या डब्यातली दोन सेंटिमीटरची वाटी मी बुडण्याच्या भीतीने उथळ ठेवली होती. प्रौढ फायर सॅलमँडरला पोहणे जेमतेम जमते, आणि खोल भांड्यात प्रसूत होणारी मादी दमून बुडू शकते. तेव्हा ती खबरदारी तरी फळाला आली.

ग सप्टेंबरपासून एकटी होती. क चा डबा तिच्या डब्यापासून हातभर अंतरावर होता आणि दोघांचा स्पर्शही झालेला नव्हता. याचा उलगडा या प्राण्याच्या प्रजननात आहे. मीलन जमिनीवर होते. नर मादीच्या खाली शिरतो, आपले पुढचे पाय वर करून तिचे पुढचे पाय खालून अडकवून घेतो, जमिनीवर शुक्राणूंची एक चिकट पुडी ठेवतो आणि शेपूट बाजूला करतो. मादी त्या पुडीवर टेकते आणि ती अवस्करात घेते. हे शुक्राणू ती कित्येक महिने, कधी त्याहूनही जास्त काळ साठवू शकते. म्हणजे मीलन विक्रेत्याकडे झालेले होते आणि बॉनच्या तळघराशी पित्याचा काहीही संबंध नव्हता. जाता जाता हेही सांगावे लागेल की खाली शिरणे पाहिले म्हणून नर-मादीची जोडी ठरवता येत नाही, कारण नर नराशीही असेच झोंबतात. त्यामुळे विलगीकरण संपवून मी क आणि ग ला एकत्र सोडले असते आणि क तिच्या खाली शिरलेला पाहिला असता, तरी ‘दोन नरांची झटापट’ असेच मी लिहिले असते, याची मला जवळजवळ खात्री आहे.

त्याच संध्याकाळी सप्टेंबरची छायाचित्रे काढून बसले. क आणि ग यांची चित्रे शेजारी ठेवल्यावर फरक उघड होता. क चा फुगवटा दोन बाजूंना होता आणि फट त्या दोन उंचवट्यांमधल्या घळीत गेलेली होती. ग च्या चित्रात फटीच्या कडाच जरा वर आलेल्या होत्या, बाजूचा भाग सपाट होता, आणि डब्याच्या कोपऱ्यात ताजी विष्ठा पडलेली दिसत होती. शौचानंतर काही वेळ कडा अशा वर राहू शकतात. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे. पत्रातल्या जन्मवर्षाप्रमाणे ग तेव्हा चार वर्षांची, म्हणजे वयात आलेली होती. अशा वयाच्या नरात सप्टेंबरमध्ये ठळक फुगवटा असायलाच हवा होता. तो नव्हता, आणि नसणे हाच पुरावा होता. फुगवटा स्पष्ट दिसला तर नर, हे कोणत्याही ऋतूत म्हणता येते. प्रौढ प्राण्यात, ऋतूत असताना, तो दिसला नाही तर मादी असण्याची शक्यता बरीच मोठी. पण पिल्लात किंवा ऐन थंडीत तो दिसला नाही तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. या तीन वेगळ्या परिस्थिती मी ग आणि घ यांच्या बाबतीत एकमेकींत मिसळल्या होत्या : प्रौढाच्या नसलेल्या फुगवट्याला ‘कमी वय’ म्हटले आणि पिल्लाच्या नसलेल्या फुगवट्याला ‘मादी’.

चौदा डिंभांचे काय झाले

मुलीची पहिली सूचना त्यांना जवळच्या ओढ्यात सोडण्याची होती, आणि भावनेच्या अंगाने ती समजण्यासारखी आहे. बॉनच्या सीमेवरच कोटेनफोर्स्ट नावाचे जंगल आहे. तिथले फायर सॅलमँडर काही ओढ्यांत आणि काही साध्या डबक्यांत डिंभ सोडतात, आणि या दोन सवयींच्या गटांत आनुवंशिक फरकही दिसू लागला आहे, असे अभ्यासकांना तिथे आढळले. आपल्या वाटीतले चौदा जीव त्या ओढ्यात मिसळले तर कोणाला काय कळणार, असे वाटू शकते. नेमके तेच टाळायचे होते. या डिंभांचा पिता अज्ञात होता. विक्रेत्याकडे अदलाबदलीतून प्राणी येत असत हे त्यानेच लिहून दिले होते, तेव्हा तो स्पेनचा असू शकत होता, इटलीचा असू शकत होता. शिवाय स्वॅबचा अहवाल कितीही निर्दोष असला, तरी बाजारातून आलेल्या प्राण्याची संतती आयफेलच्या पायथ्याच्या जंगलात सोडणे हा या घडीला अक्षम्य प्रकार आहे, आणि कायद्यालाही तो मान्य नाही. हे सगळे मी मुलीला सांगितले तेव्हा तिने, “मग त्यांचे बाबा कधीच कळणार नाहीत का,” असे विचारले. आनुवंशिक चाचणीने काही अंदाज बांधता येईल, पण पितृत्वाच्या दाव्यावर खर्च करण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

डिंभ तळघरातच, थंड पाण्याच्या तीन पसरट भांड्यांत वाटून वाढवले. त्यांना डाफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव), ट्यूबिफेक्स (पाण्यातले बारीक लाल कृमी) आणि नंतर चिरलेली गांडुळे दिली. भुकेला डिंभ भावंडाचे पाय आणि कल्ले तोडतो, म्हणून गर्दी करून चालत नाही. आम्ही पहिल्या आठवड्यात चौदाही एकाच भांड्यात ठेवले आणि त्यात तीन गेले. उरलेल्या अकरांनी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत एकेक करून कल्ले टाकले, कातडीवर काळे-पिवळे चढले आणि ते पाण्याबाहेर आले. स्थानिक निसर्गसंरक्षण कार्यालयाशी पत्रव्यवहार करून त्यांच्या जन्माची कागदोपत्री नोंद ठेवली. नऊ पिल्ले दोन अनुभवी शौकिनांकडे गेली. सोबतच्या कागदावर मालकाचे नाव, पत्ता, जन्मतारीख, मातेचे वरून घेतलेले छायाचित्र आणि ‘माता टेरेस्ट्रिससारखी, पिता अज्ञात, ०.०.९’ असा मजकूर होता. त्यातल्या एका शौकिनाने, “टेरेस्ट्रिसच लिहा ना, सोपं जातं,” असे सुचवले. तसे लिहिले असते तर पाच वर्षांनी कुणाच्या तरी तळघरात याच चुकीची पुढची पिढी जन्मली असती.

मातेचे छायाचित्र जोडण्यामागे आणखी एक हेतू होता. प्रौढ फायर सॅलमँडरची पाठीवरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि फारशी बदलत नाही. रानातले अभ्यासक प्राण्यावर कोणतीही खूण न करता तो पुन्हा सापडल्यावर नक्षीवरून ओळखतात. हा प्राणी दीर्घायुषी आहे. बॉनच्याच म्युझियम कोनिगमध्ये एक फायर सॅलमँडर पन्नासहून अधिक वर्षे जगल्याची नोंद आहे. मालक बदलतात, डबे बदलतात, अक्षरे पुसली जातात, पण नक्षी राहते. या कुटुंबाने आता चौघांची छायाचित्रे छापून वहीत चिकटवली आहेत, आणि मुलीने त्यांच्याखाली आजीसाठी ‘पाल नाही’ असे मराठीत लिहिले आहे.

घ ची सद्यस्थिती

सप्टेंबर २०२३मध्ये, पहिल्या पाहणीनंतर बरोबर एक वर्षाने, चौघांची पुन्हा त्याच पद्धतीने तपासणी केली. क चा फुगवटा पूर्वीसारखाच ठळक होता. ख आणि ग दोन्ही सपाट. ग प्रसूतीनंतर वीस ग्रॅमवर आली होती, ती पुन्हा चोवीसवर गेली आहे. आता क आणि ग यांना एकत्र ठेवायचे की नाही, हा निर्णय कुटुंबाचा आहे. माझा सल्ला, निदान पुढचा वसंत जाईपर्यंत, नाही असा आहे, कारण साठवलेले शुक्राणू संपले आहेत की नाहीत हे बाहेरून कळत नाही, आणि पुढची पिल्ले झाली तर त्यांचा पिता क च आहे असे छातीठोकपणे लिहिता येणार नाही.

घ साडेअकरावरून चौदा सेंटिमीटरवर पोहोचला. पट्टे तसेच अखंड आहेत, डाव्या बाजूला मागच्या पायावर एक नवा पिवळा ठिपका उगवला आहे. मुस्कट अजूनही आखूड वाटते, पण माझे डोळे बर्नार्डेझी शोधत असल्यामुळे ते तसे वाटत असेल, अशी शंका मी नोंदीत लिहून ठेवली आहे. अवस्कराचा भाग सपाट. यावरून काहीही ठरत नाही.

पेटीवरची जुनी चिठ्ठी वडिलांनी काढून टाकली आणि नवी लावताना, “ताई, आता नक्की काय लिहू,” असे विचारले. मी १.२.१ लिहायला सांगितले. खाली ‘क, ख, ग टेरेस्ट्रिस, विक्रेत्याच्या चिठ्ठीनुसार, घ ची उपप्रजाती अनिश्चित’ अशी ओळ आणि पुढच्या पाहणीचा महिना, मे २०२४.